मालगाडीने उडवलं, खिडकीतून पडला, चोरांनी मारलं: सरकार लपून मारतं तेव्हा नेमकं काय चालतं

२०२५ च्या दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांनी एक छोटी बातमी आली होती, दक्षिण आफ्रिकेतल्या एका कोर्टाने ५८ वर्षांपूर्वीच्या मृत्यूचा निकाल फिरवला. आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या वाड्यात खाली राहणारे काका पेपर घेऊन वर आले, रेल्वेतून रिटायर झालेले आहेत, आणि म्हणाले, "हे बघ, मालगाडीने माणूस उडवला असं तेव्हा लिहिलेलं, आता म्हणतायत मारून टाकला. ५८ वर्षांनी कोर्टाला काय स्वप्न पडलं का?" मग झोपाळ्यावर बसून जरा विचार केला आणि स्वतःच म्हणाले, "पण मालगाडीखाली माणूस आला तर ड्रायव्हरने लिहून द्यायचं, गार्डने द्यायचं, स्टेशनमास्तरने द्यायचं. खोटं लिहायचं तर सगळ्यांनी एकच खोटं लिहायला पाहिजे."

म्हटलं काका, अर्धा विषय तुम्हीच सांगून टाकलात. उरलेला अर्धा खाली लिहितोय, कारण व्हॉट्सॲपवर हे समजावणं मला जमलं नाही.

आधी माणूस कोण ते

अल्बर्ट लुथुली. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे, म्हणजे एएनसीचे अध्यक्ष, शांततेचं नोबेल मिळालेले पहिले आफ्रिकन, १९६० सालचं. तिथलं गोऱ्यांचं वर्णभेदी सरकार त्यांना इतकं घाबरायचं की त्यांच्यावर बंदीहुकूम होता, आपल्या गावाचा परिसर सोडून जायचं नाही. २१ जुलै १९६७ ला घराजवळच्या रेल्वे पुलापाशी ते जखमी सापडले आणि त्याच दिवशी गेले. त्या वेळच्या इन्क्वेस्टने सांगितलं की मालगाडीचा धक्का लागला, कोणाचाही दोष नाही. (इन्क्वेस्ट म्हणजे संशयास्पद मृत्यूची कोर्टासमोर होणारी चौकशी, त्यात आरोपी नसतो, फक्त माणूस कसा मेला एवढं ठरवतात.) ३० ऑक्टोबर २०२५ ला पीटरमारित्झबर्गच्या हायकोर्टाने तो निकाल रद्द केला आणि म्हटलं की मृत्यू मारहाणीने झाला, कवटी फुटली होती, आणि मारणारे सुरक्षा पोलिस होते, रेल्वेचे काही लोक त्यांना सामील होते.

काकांना शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त लागलं. "रेल्वेवाले पण?" असं दोनदा म्हणाले.

लपवतात काय? प्रेत तर समोरच असतं

इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. आपल्याला वाटतं छुपी हिंसा म्हणजे रात्री उचलून नेलं आणि पत्ता लागू दिला नाही. तसंही होतं, पण पुष्कळदा मृत्यू अगदी उघड असतो, पेपरात येतो, अंत्ययात्रेला हजारो लोक जातात. लपवलेला असतो तो फक्त हात.

आपल्या उत्तरायणचं बघा ना. अगाशीवर उभे आहात, पतंग मस्त वर गेलाय, ढील देताय, आणि अचानक हातातला मांजा सैल पडतो. पतंग गेलेला सगळ्यांना दिसतो, पण कापणारा मांजा एवढा बारीक की तो मांडवीकडून आला की मागच्या सोसायटीतून ते सांगता येत नाही. आपल्याकडे कापणारा स्वतःच "काप्यो छे" म्हणून बोंबलतो, थाळ्या वाजवतो, म्हणून कळतं. आता असा खेळाडू डोळ्यासमोर आणा जो कापून गप्प बसतो आणि वर तुम्हालाच येऊन सांगतो की तुमच्या शेजाऱ्याने कापला हो, मी बघितलं. सरकार लपून मारतं तेव्हा बहुतेक वेळा असंच असतं. या हात झटकण्याच्या सोयीसाठीच सगळी यंत्रणा उभी केलेली असते, पुढे तिला मी "झटकणं" एवढंच म्हणेन.

आणि शेजाऱ्यावर ढकलायचं असेल तर गोष्ट तयार लागते. वर्णभेदी पोलिसांकडे अशा गोष्टींची यादीच होती म्हणा ना, कोठडीत मेलेला माणूस साबणावरून घसरला, जिन्यावरून पडला, त्याने गळफास घेतला. १९७७ मध्ये स्टीव्ह बिको हा काळ्यांच्या चळवळीचा तरुण नेता पोलिसांच्या ताब्यात डोक्याला मार लागून मेला, त्याला बेशुद्धीच्या काठावर असताना नागवा जीपच्या मागे टाकून हजारेक किलोमीटर प्रिटोरियाला नेलं होतं, आणि मंत्री जिमी क्रूगर यांनी आधी सांगितलं काय, तर उपोषण.

खोलवडचा मुलगा

ही सगळी लांबची गोष्ट वाटत असेल तर मुंबईकडे जाताना कामरेज लागतं ना, सुरतेच्या अलीकडे, त्याच्याजवळ खोलवड म्हणून गाव आहे. तिथून गेल्या शतकाच्या सुरुवातीला बरीच कुटुंबं दक्षिण आफ्रिकेत गेली, जोहान्सबर्गमध्ये खोलवड हाउस नावाची इमारतच आहे, मंडेलांचे सोबती अहमद कथराडा तिथे राहायचे. त्याच खोलवडच्या एका कुटुंबातला अहमद तिमोल, जन्म तिकडचाच, शाळेत शिकवायचा आणि चोरून बंदी असलेल्या चळवळीचं काम करायचा. २२ ऑक्टोबर १९७१ ला पकडला आणि २७ तारखेला जोहान्सबर्गच्या पोलिस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून खाली पडलेला सापडला. वय २९. पुढच्या वर्षी इन्क्वेस्टने आत्महत्या ठरवली, पोलिसांनी हातही लावला नाही म्हणे.

घरच्यांनी, आणि विशेषतः पुढच्या पिढीतल्या भाच्याने, सोडलं नाही. २०१७ मध्ये इन्क्वेस्ट पुन्हा उघडली. जुने पोस्टमॉर्टमचे कागद नव्या डॉक्टरांनी वाचले आणि सांगितलं की यातल्या काही जखमा पडण्याच्या आधीच्या आहेत. पडतानाचा मार्ग मोजणाऱ्या तज्ज्ञाने सांगितलं की स्वतः उडी मारण्याशी हे जुळत नाही. न्यायमूर्ती बिली मॉथ्ले यांनी निकाल दिला की हा खून आहे. शेवटी त्या खोलीत होतो असं स्वतः सांगणारा एक पोलिस जिवंत होता, ८० च्या आसपासचा म्हातारा, त्याच्यावर २०१८ मध्ये केस झाली आणि तो २०२१ मध्ये खटला उभा राहायच्या आत वारला.

इथे एक गोष्ट बघा, ४५ वर्षांनी नवा पुरावा असा फारसा निघाला नव्हता, शरीरावरच्या जखमा १९७१ च्याच कागदात लिहिलेल्या होत्या. खोटं निष्कर्षात होतं.

पण सरकारला लपायची गरजच काय? पोलिस त्यांचे, तुरुंग त्यांचे

अगदी बरोबर प्रश्न आहे, काकांनी पण हाच विचारला. १९६७ च्या दहशतवादविरोधी कायद्याखाली ते सरकार कोणालाही कितीही दिवस आत ठेवू शकत होतं, कोर्टात न नेता. मग विष आणि सुरे कशाला?

कारण तुरुंगात टाकलं तर सही लागते, आणि सही राहते. शिवाय ते सरकार जगाला सांगत होतं की आम्ही कायद्याने चालतो, आमच्याकडे न्यायाधीश आहेत, वकील आहेत. आणि ते खरंच होते, हीच अडचण. डर्बनचे ग्रिफिथ्स म्हेंगे हे वकील चळवळीतल्या पोरांच्या केसेस लढायचे आणि कायद्याच्या चौकटीत त्यांना गप्प करणं सोपं नव्हतं. त्यांना आत टाकलं असतं तर आणखी एक हिरो झाला असता, बाहेरच्या देशांचा दबाव वाढला असता (बिको मेला त्याच वर्षी युनोने शस्त्रबंदी सक्तीची केली होती). त्यापेक्षा नोव्हेंबर १९८१ मध्ये आधी त्यांच्या घरच्या कुत्र्यांना विष घातलेलं मांस टाकलं, मग त्यांना गाठून चाळीसहून जास्त वार केले आणि गाडी पळवली. लुटारूंचं काम दिसावं म्हणून. साध्या वाटमारीसाठी कुत्र्यांना आधी विष कोण घालतं हा प्रश्न कोणीही विचारला असता, पण विचारून सरकारी उत्तर कुठून येणार.

दुसरा फायदा आणखी कुजका आहे. उघड अटकेने चळवळ एकत्र येते. कोणी मारलं हे माहीत नसेल तर लोक एकमेकांकडे बघायला लागतात, आपल्यातलाच कोणी फितूर आहे का, पैशावरून झालं का.

काम कसं वाटून दिलेलं असतं

रस्त्याचं कंत्राट बघितलंय? टेंडर एकाच्या नावावर, त्याने दुसऱ्याला दिलं, दुसऱ्याचा मुकादम, मुकादमाने आणलेले मजूर. खड्डा पडला की विचारायला जा, प्रत्येकजण बोट खाली दाखवतो, आणि सगळ्यात खालचा माणूस तोवर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

प्रिटोरियाच्या बाहेर व्लाकप्लास नावाचं एक फार्म होतं. नदीकाठचं, बघायला छान. तिथे सुरक्षा पोलिसांची एक तुकडी ठेवली होती आणि तिच्यात चळवळीतून फोडलेले लोक होते, त्यांना आस्कारी म्हणायचे. मारून-मुटकून, धमकावून किंवा पगार देऊन फिरवलेले. हे लोक फार कामाचे, कारण त्यांना चळवळीतले चेहरे, भाषा, लपायच्या जागा माहीत, आणि कोणी बघितलंच तर दिसणार काय, तर काळ्या माणसाने काळ्या माणसाला मारलं. म्हेंगेंना मारणारे इथलेच.

लष्कराने तर कमालच केली, सिव्हिल कोऑपरेशन ब्युरो नावाची संस्था काढली आणि ती कंपनीसारखी चालवली, चेअरमन, मॅनेजिंग डायरेक्टर, विभाग, सगळं. आर्चबिशप टुटूंच्या घराच्या आवारात माकडाचं गर्भ लटकवणं हे यांचंच काम, १९८९ चं. म्हणजे एका सरकारी लष्कराच्या बजेटमधून कोणीतरी माकडाचं गर्भ मिळवायला गेला होता, मला अजून हे नीट पचलेलं नाही.

ही साखळी तुटते कुठे, तर सहसा सगळ्यात खालच्या कडीपाशी. आल्मंड नोफोमेला हा व्लाकप्लासचा माणूस एका शेतकऱ्याच्या खुनात, म्हणजे साध्या, राजकारणाशी संबंध नसलेल्या गुन्ह्यात, फाशीवर चढणार होता. साहेब लोक सोडवतील म्हणून वाट बघत बसला, कोणी आलं नाही, तेव्हा ऑक्टोबर १९८९ मध्ये फाशीच्या आदल्या दिवशी त्याने वकिलांना सगळं सांगितलं. त्याचा जुना बॉस डर्क कूट्झीला कळलं की आता आपणही अडकणार, तो देश सोडून गेला आणि नोव्हेंबरमध्ये एका छोट्या आफ्रिकान्स भाषेतल्या साप्ताहिकात त्याची कबुली छापून आली. सरकारने आयोग नेमला. आयोगाने १९९० मध्ये सांगितलं की या दोघांवर विश्वास ठेवता येत नाही. सात वर्षांनी हेच लोक म्हेंगे खुनात दोषी ठरले आणि मग सगळं कबूल करून त्यांनी माफीही मिळवली (हा सौदा काय ते शेवटी सांगतो), आणि ते साप्ताहिक मात्र मानहानीच्या खटल्यापायी बुडालं होतं.

वरून ऑर्डर होती याचा कागद कुठेय?

हा सगळ्यात आवडता आक्षेप, आणि तो अगदी फालतू नाही. "अमक्याला ठार करा" असं लिहून खाली मंत्र्याची सही, असा कागद मिळत नाही. भाषाच तशी वापरतात. जून १९८५ मध्ये लष्कराकडून वर एक संदेश गेला, क्रॅडॉक गावातल्या मॅथ्यू गोनिवे, फोर्ट कालाटा वगैरे चळवळीतल्या लोकांना तातडीने "समाजातून कायमचं काढून टाकावं" अशी शिफारस करणारा. वीस दिवसांनी गोनिवे, कालाटा आणि त्यांचे दोन सोबती मीटिंगहून परत येताना रस्त्यात अडवले गेले आणि चौघांची जळलेली प्रेतं सापडली. क्रॅडॉकचे चौघे म्हणून तिथे सगळ्यांना माहीत आहेत. पहिल्या इन्क्वेस्टने सांगितलं, अज्ञात व्यक्ती. मग १९९२ मध्ये तो संदेश पेपरात फुटला, दुसरी इन्क्वेस्ट झाली, तिने सुरक्षा दलांकडे बोट दाखवलं पण नाव घेतलं नाही. तिसरी २०२५ मध्ये सुरू झाली.

नंतर मोठे लोक म्हणाले, "काढून टाका" म्हणजे अटक करा, दुसरीकडे बदली करा असं आम्हाला म्हणायचं होतं, खालच्यांनी चुकीचा अर्थ लावला. आता बघा, घरात म्हातारी म्हणाली की या मांजराचं काहीतरी करा रे, आणि पोराने मांजर मारलं, तर एकदा गैरसमज म्हणून सोडून देता येईल. पण दर वेळी म्हातारी तेच म्हणते, दर वेळी मांजर मरतं, पोराला दर वेळी बक्षीस मिळतं आणि म्हातारी कधीच विचारत नाही मांजर कुठे गेलं. तिथल्या सत्य आणि सलोखा आयोगाने (वर्णभेद संपल्यावर त्या काळातल्या अत्याचारांचं खरं काढायला नेमलेला) साधारण याच मुद्द्यावर नेत्यांना जबाबदार धरलं, की असे शब्द वापरले तर खाली खून होतील हे त्यांना कळायला हवं होतं.

दुसऱ्यांच्या भांडणात तेल

१९९० मध्ये मंडेला सुटले, एएनसीवरची बंदी उठली, सरकार आणि एएनसी एका टेबलावर बसले. आता तरी थांबायला हवं होतं. पण १९९० ते १९९४ या चार वर्षांत राजकीय हिंसेत अंदाजे १४ हजार लोक मेले, आधीपेक्षा जास्त. लोकल ट्रेनमध्ये टोळ्या चढायच्या, सुरे आणि बंदुका घेऊन समोर दिसेल त्याला मारायच्या, घोषणा नाही, मागणी नाही. १३ सप्टेंबर १९९० ला एकाच गाडीत २६ माणसं गेली. सरकारचं म्हणणं असं की हे एएनसी आणि झुलू लोकांच्या इंकाथा पक्षाचं भांडण आहे, काळे काळ्यांना मारतायत, उद्या सत्ता यांच्या हातात देणार का? मंडेला म्हणत होते यात तिसरी शक्ती आहे, म्हणजे मागून आग लावणारे सुरक्षा दलांतलेच लोक, आणि बरेच लोक हसत होते.

भांडण खोटं नव्हतं हे आधी मान्य करायला पाहिजे. इंकाथा खराच पक्ष होता, त्याची माणसं पण मेली. पण जुलै १९९१ मध्ये एका साप्ताहिकाने छापलं की सुरक्षा पोलिसांनी इंकाथाच्या सभांसाठी गुपचूप अडीच लाख रँड दिले. दोन मंत्र्यांची खाती गेली. मग निघालं की १९८६ मध्ये इंकाथाच्या सुमारे २०० माणसांना लष्कराने नामिबियाच्या कॅप्रिव्ही पट्ट्यात नेऊन ट्रेनिंग दिलं होतं. १९९२ च्या नोव्हेंबरात या हिंसेची चौकशी करणाऱ्या गोल्डस्टोन आयोगाने लष्कराच्या एका गुप्त ऑफिसवर छापा घातला, डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनी स्वतः २३ अधिकारी घरी बसवले किंवा रजेवर पाठवले. म्हणजे हसणारे चुकले होते.

एएनसीवाले काय धुतल्या तांदळाचे होते का?

नव्हते. मे १९८३ मध्ये प्रिटोरियात त्यांच्या कार बॉम्बने १९ जण मेले, त्यात सामान्य लोकही होते. वस्त्यांमध्ये फितूर म्हणून संशय आला की गळ्यात टायर घालून जाळायचे. त्यांच्या छावण्यांमध्ये स्वतःच्याच पोरांचा छळ झाला. सत्य आयोगाने हे सगळं लिहिलं, आणि एएनसी इतकी चिडली की रिपोर्ट थांबवायला कोर्टात गेली, हरली.

पण हिशेब एकाच वहीत लिहिताना एक फरक पडतो. बॉम्ब ठेवणाऱ्याला शोधायला पोलिस होते, कोर्ट होतं, फाशी होती. व्लाकप्लासच्या खुनाची तक्रार कुठे द्यायची? पोलिस ठाण्यातच ना. पंचनामा करणारा, पोस्टमॉर्टमचा रिपोर्ट मागवणारा, साक्षीदाराला धमकावणारा आणि मारणारा, सगळ्यांचा पगार एकाच खिडकीतून.

मग काय, प्रत्येक अपघातामागे सरकारच समजायचं?

नाही हो. इथेच माझी आणि आमच्या ग्रुपमधल्या काही लोकांची भांडणं होतात, कारण झटकणं कळलं की माणसाला सगळीकडे तेच दिसायला लागतं. १७ जून १९९२ ला बॉइपाटाँग वस्तीत ४५ माणसं मारली. हल्लेखोर इंकाथाच्या कामगारांच्या होस्टेलमधून आले यावर वाद नाही. पोलिस सोबत होते का? सत्य आयोगाचा मुख्य रिपोर्ट म्हणतो होते, त्याच आयोगाची माफी समिती नंतर म्हणाली नव्हते. एकाच छपराखाली दोन उत्तरं. क्वामाखुथा नावाच्या वस्तीत १९८७ मध्ये १३ लोकांना मारलं, त्या खटल्यात कोर्टाने मानलं की हल्ला कॅप्रिव्हीत शिकून आलेल्यांनीच केला, पण पाठबळ कोणाचं होतं हे ठरवता आलं नाही, आणि १९९६ मध्ये माजी संरक्षणमंत्री मलान आणि बाकीचे आरोपी सुटले.

मी स्वतः तीन गोष्टी बघतो. तपास करणाऱ्याचं आणि ज्याच्यावर संशय आहे त्याचं ऑफिस एकच आहे का, सरकारी गोष्टीत साधी जुळवाजुळव चुकते का (कुत्र्यांचं विष आठवा), आणि आतला कोणी माणूस स्वतःचं नुकसान करून बोललाय का. तिन्ही असतील तर कान टवकारायचे. एकही नसेल तर फॉरवर्ड करू नका, प्लीज.

एवढ्या वर्षांनी कागद उकरून काय मिळतं

सत्य आयोगाचा सौदा असा होता की सगळं खरं सांगा, राजकीय हेतू दाखवा, माफी घ्या. सात हजारांवर अर्ज आले, माफी ८४९ जणांना मिळाली. जे आलेच नाहीत किंवा खोटं बोलले त्यांच्यातली सुमारे ३०० प्रकरणं खटल्यासाठी सरकारी वकिलांकडे दिली. आणि ती तशीच पडून राहिली, लोकशाही आल्यावर, एएनसीच्याच राज्यात. का पडली, कोणी अडवली, याची चौकशी करायला २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रामाफोसांनी वेगळा आयोग नेमला, तोही क्रॅडॉकच्या चौघांच्या घरचे आणि बाकी कुटुंबं कोर्टात गेली तेव्हा. व्लाकप्लासचा शेवटचा मोठा कमांडर यूजीन डी कॉक दोन जन्मठेपा आणि वर २१२ वर्षं घेऊन आत गेला होता, तो २०१५ मध्ये पॅरोलवर सुटलाही. त्याच्या वरच्यांपैकी बहुतेक घरी, पेन्शनवर मेले.

घरच्यांना मिळतं काय, तर मृत्यूच्या नोंदीतली एक ओळ बदलते. तिमोलची आई कट्टर धार्मिक घरातली, मुलाने आत्महत्या केली असं सरकारने ठरवलेलं घेऊन ती उरलेलं आयुष्य जगली, आणि २०१७ चा निकाल ऐकायला ती नव्हती.

काकांना हे सगळं सांगून झाल्यावर ते बराच वेळ गप्प होते, मग चहा संपवला आणि मला विचारलं की त्या १९६७ च्या मालगाडीच्या ड्रायव्हरचा जबाब कोणी परत नीट वाचला होता का. म्हटलं, त्या वेळचे कागद परत तपासले म्हणूनच तर निकाल फिरला. "मग बरोबर," म्हणाले, आणि चप्पल शोधत खाली गेले.